रेडिएटर आधी आतून बघा, मग हात लावा

एखादा निकामी रेडिएटर, म्हणजे गाडीच्या इंजिनाचं तापलेलं पाणी हवेने थंड करणारा भाग, हाती लागला, तर भंगारात देण्याआधी तो हॅकसॉने आडवा कापून बघा. रेडिएटरचं काम नव्याने शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. कापलेल्या तोंडाकडे नीट पाहिलं की सगळा मामला समोर येतो. चपट्या नळ्या एकाखाली एक रचलेल्या, दोन नळ्यांच्या मधे नागमोडी दुमडलेली पातळ पत्र्याची जाळी, आणि जाळीचं प्रत्येक वळण जिथे नळीला टेकतं तिथे धातूचा एक इवलासा सांधा. त्या सांध्यावरून नख फिरवून बघा. साध्या कारच्या रेडिएटरमध्ये असे हजारो सांधे असतात. पाण्यातली उष्णता नळीच्या भिंतीतून सांध्यात येते, सांध्यातून जाळीत आणि जाळीतून हवेत. सांधा सुटला की त्याच्यापुढची जाळी असून नसल्यासारखी.

रेडिएटर कसा बनतो हे एकदा कळलं की तो कुठे आणि का बिघडतो हे वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून आधी बनवण्याची गोष्ट सांगतो, मग बसवणं, पाणी भरणं, देखभाल आणि बिघाड शोधणं. गाडी रस्त्यात तापल्यावर काय करायचं ते शेवटाकडे आहे. तिथे थेट उडी मारलीत तरी चालेल, पण झाकणाचा भाग वाचल्याशिवाय बॉनेटखाली हात घालू नका.

एवढी उष्णता येते कुठून

पेट्रोल किंवा डिझेल जळून निघणाऱ्या ऊर्जेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायला लागतो. साधारण तेवढीच उष्णता धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. उरलेल्यातला मोठा वाटा सिलिंडरच्या भिंती आणि हेड (सिलिंडर वरून बंद करणारा भाग) यांच्यात मुरतो, आणि तो बाहेर काढायचं काम पाण्याचं. जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं, तर शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पाणी फिरायचं थांबलं की काही मिनिटांत हेड का वाकतं, ते या दोन आकड्यांवरून समजून घ्या.

तरीही इंजिन जितकं थंड तितकं चांगलं, हा समज सोडून द्या. इंजिनाला ९० अंशांच्या आसपास राहणं मानवतं. त्याच्या बरंच खाली राहिलं तर तेल जाड राहतं, इंधन नीट जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतो. म्हणून रेडिएटरच्या वाटेवर थर्मोस्टॅट बसवलेला असतो. त्याच्या आत मेणाची छोटी डबी असते. ठरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, मेण वितळून फुगतं आणि वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची सवय अनेक मेकॅनिकना आहे. मला ती अजिबात पटत नाही. इंजिन कायम गारठलेलं राहतं हे एक. दुसरं म्हणजे काही इंजिनांत थर्मोस्टॅटचं दुसरं टोक आतली आडवाट बंद करण्याचं काम करतं. तो काढला की गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परत जातो आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तो तारेने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला आणि पाणी निवल्यावर पुन्हा मिटला, तर दोष दुसरीकडे शोधा.

पाण्याचा फेरा आणि झाकण

फेरा सरळ आहे. वॉटर पंप पाणी ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागात ढकलतो, तिथून ते हेडमध्ये चढतं, थर्मोस्टॅटमधून वरच्या होज पाईपने (रबरी नळीने) रेडिएटरच्या एका टाकीत येतं, नळ्यांतून वाहत दुसऱ्या टाकीत उतरतं आणि खालच्या होज पाईपने परत पंपाकडे जातं. टाक्या वर-खाली असल्या तर नळ्या उभ्या, डाव्या-उजव्या असल्या तर नळ्या आडव्या. हल्लीच्या कारचं बॉनेट बुटकं असल्यामुळे आडव्या नळ्यांचे रेडिएटर जास्त दिसतात.

रेडिएटर या शब्दाचा अर्थ उष्णतेचे किरण सोडणारा असा होतो, पण गाडीतला रेडिएटर किरणांनी फार थोडी उष्णता सोडतो. जवळजवळ सगळी उष्णता त्याच्यातून जाणारी हवा उचलून नेते. पाणी भरपूर आहे, पंप चांगला आहे आणि तरी गाडी तापते, अशा वेळी हवेची वाट आधी बघायची असते, आणि नवखा माणूस नेमकी तीच शेवटी बघतो.

आता झाकण. रेडिएटरचं झाकण हे नुसतं बूच नाही, त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर आतला दाब धरून ठेवतो. झाकणावर ०.९, १.१ असा बारमधला किंवा ८८, १०८ असा किलोपास्कलमधला आकडा छापलेला असतो, तो हाच दाब. हवेच्या दाबापेक्षा १ बार जास्त दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं, म्हणजे झाकणामुळे इंजिनाला २० अंशांची मोकळीक मिळते. दाब त्याच्याही वर गेला की व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाजूच्या बाटलीत जातं. इंजिन निवलं की आतलं पाणी आकसतं, मग दुसरा छोटा व्हॉल्व्ह उघडून तेच पाणी बाटलीतून परत आत ओढून घेतो. सकाळी बॉनेट उघडल्यावर होज पाईप चपटा झालेला दिसला तर हा छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे असं समजा. झाकण बदललं की काम झालं.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. ११० अंशांचं पाणी दाबाखाली शांत असतं. झाकण सैल झालं की दाब एका क्षणात उतरतो आणि त्याच पाण्याचा काही भाग जागच्या जागी वाफ होऊन बाकीच्या पाण्याला वर फेकतो. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलाचा हात असाच मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. त्याने हातात जाड फडकं घेतलं होतं आणि झाकण जेमतेम पाव वळसा फिरवलं होतं. फडक्याने हात वाचत नाही. वरचा होज पाईप चिमटीत दाबून बघा. तो कडक लागला तर आत दाब आहे, थांबा. मऊ पडला आणि हात ठेवता येईल इतका निवला, की मगच झाकणाला हात लावा.

काही गाड्यांच्या रेडिएटरवर झाकणच नसतं. त्यांच्यात दाब धरणारं झाकण प्लास्टिकच्या एक्स्पान्शन टाकीवर असतं. ती टाकी साध्या बाटलीसारखी दिसते म्हणून फसू नका, तिच्यात रेडिएटरइतकाच दाब असतो.

कारखान्यात रेडिएटर कसा तयार होतो

आजच्या बहुतेक गाड्यांचा रेडिएटर म्हणजे ॲल्युमिनियमचा गाभा आणि दोन टोकांना प्लास्टिकच्या टाक्या. गाभ्याला सगळे कोअर म्हणतात.

सुरुवात पत्र्यापासून होते, आणि खरी करामतही पत्र्यातच आहे. नळीचा पत्रा एकाच धातूचा नसतो. मूळ पत्रा मँगनीज मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा, आणि त्याच्यावर सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा पातळ थर, दोन्ही एकत्र लाटून घट्ट बसवलेले. हा थर पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के. पाव मिलिमीटरच्या पत्र्यावर तो माणसाच्या केसाहूनही बारीक भरतो. पण पुढे जो सांधा तयार होतो तो याच थराचा. मूळ धातू ६४० अंशांच्या पुढे वितळायला लागतो, वरचा थर ५७७ अंशांना. मधल्या साठ-एक अंशांच्या अंतरात अख्खा रेडिएटर जोडून घ्यायचा असतो.

या पत्र्याच्या अरुंद पट्ट्या रोलरमधून जात जात चपट्या नळीचा आकार घेतात. काही कारखान्यांत नळीची कड वेल्ड करतात, काही ठिकाणी पट्टी मधोमध दुमडून दोन कप्प्यांची नळी करतात आणि तिची शिवण पुढे भट्टीतच जुळते. मधली घडी नळीला आतून टेकू देते, त्यामुळे दाबाखाली नळी फुगत नाही.

जाळी त्याहून पातळ पत्र्याची, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. दातेरी रोलर तिला नागमोडी करतात आणि त्याच फेऱ्यात तिच्यावर बारीक चिरा पाडून प्रत्येक चिरेची पट्टी किंचित तिरकी वळवतात. जाळीचा तुकडा उजेडासमोर धरून भिंग लावा, खिडकीच्या झडपेसारख्या पट्ट्यांची रांग दिसेल. सपाट पत्र्यावरून हवा गेली की पत्र्याला चिकटून हवेचा एक सुस्त थर तयार होतो आणि तो पांघरुणासारखा उष्णता अडवतो. या तिरक्या पट्ट्या तो थर पुन्हा पुन्हा तोडतात. जाळीचं मोल त्यांच्यात आहे, म्हणून जाळी वाकली, दबली किंवा तिच्यावर रंगाचा जाड थर बसला की रेडिएटर दिसायला धड असूनही काम सोडतो. बऱ्याच रेडिएटरच्या जाळीत थोडं जस्तही मिसळलेलं असतं. गंज चढायचाच असेल तर तो आधी जाळीला खाऊदे आणि नळी वाचूदे, हा त्यामागचा विचार.

मग जुळवणी. नळी, जाळी, नळी, जाळी अशी थप्पी रचतात, बाजूंना आधाराच्या पट्ट्या लावतात, थप्पी दाबून नळ्यांची टोकं हेडरच्या खाचांत बसवतात. हेडर म्हणजे नळ्यांची टोकं ज्यात रोवलेली असतात ती पट्टी. या क्षणी कोअर नुसता दाबाने धरलेला असतो, एकही सांधा झालेला नसतो. कुठे नळी आणि जाळी यांच्यात फट राहिली तर भट्टी ती भरून काढत नाही. वितळलेला धातू अगदी बारीक फटीतच चढतो, वातीत तेल चढतं तसा.

त्यानंतर साफसफाई. पत्रा घडवताना लागलेलं तेल तापवून उडवतात आणि कोअरवर फ्लक्सचं पांढरं पाणी फवारून वाळवतात. फ्लक्स लागतो कशाला? ॲल्युमिनियम हवेत उघडा पडला की त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, आणि हा पापुद्रा २,००० अंशांनाही वितळत नाही. तो असेपर्यंत खालचा धातू वितळला तरी पसरत नाही. पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोरिन यांचं हे मीठ सांध्याचा थर वितळण्याच्या किंचित आधी वितळतं आणि पापुद्रा फोडून टाकतं. नवा पापुद्रा धरू नये म्हणून भट्टीत हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरलेला असतो. सुमारे ६०० अंशांवर काही मिनिटं, आणि सगळे सांधे एकदम जुळतात. भट्टी थोडी थंड राहिली तर सांधे कच्चे, थोडी जास्त तापली तर वितळलेल्या थरातलं सिलिकॉन नळीच्या अंगातच घुसून तिला खातं.

भट्टीतून आलेला कोअर फिकट राखाडी दिसतो, अंगावर ठिकठिकाणी पांढुरका साका. नवा रेडिएटर घेतलेला माणूस तो साका पाहून गंज समजतो आणि ब्रशने घासायला बसतो. तसं करू नका, तो उरलेला फ्लक्स आहे आणि बाहेरून अपायकारक नाही. सांधा पक्का आहे की नाही हे बघायची माझी आवडती रीत म्हणजे कापलेल्या तुकड्यातली जाळी पक्कडीने नळीवरून ओढून काढणं. सांधा चांगला असेल तर जाळीचा पत्रा फाटतो आणि त्याची कड नळीला चिकटून राहते. जाळी अखंड निघून आली तर तो सांधा नुसता टेकलेला होता.

शेवटी टाक्या. या बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. हेडरच्या कडेच्या खोबणीत रबराचं सील बसवून त्यावर टाकी दाबतात आणि हेडरचे दाते टाकीच्या ओठावर वळवतात. प्लास्टिक आणि धातू यांच्यात डाख नाही, वेल्ड नाही, फक्त दबलेलं रबर. म्हणूनच जुना रेडिएटर गळायला लागतो तेव्हा बहुधा इथूनच गळतो, नाहीतर टाकीला होजच्या तोंडाजवळ केसासारखी तडा जाते. तयार रेडिएटरमध्ये हवेचा दाब भरून तो पाण्यात बुडवतात आणि बुडबुडे बघतात, किंवा हीलियम भरून त्याची गळती यंत्राने मोजतात.

काही रेडिएटरच्या बाजूच्या पट्टीला एके ठिकाणी करवतीने काप दिलेला दिसेल. पट्टी आणि नळ्या एकाच वेगाने तापत नाहीत, त्यामुळे कडेच्या नळ्यांवर ताण येतो. तो ताण सुटावा म्हणून हा काप मुद्दाम दिलेला असतो. तो वेल्ड करून बंद केला तर काही दिवसांत कडेची नळी हेडरपाशी तडकते.

तांब्या-पितळेचे रेडिएटर

मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळात पाणी उकळून उडून जायचं आणि वाटेत पुन्हा भरावं लागायचं. १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी जो रेडिएटर बनवला त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या होत्या. मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा हा रेडिएटर जेमतेम ९ लिटर पाण्यात ते इंजिन थंड ठेवायचा. त्यात हवा नळ्यांतून जायची आणि पाणी नळ्यांच्या भोवती.

पुढे कित्येक दशकं पितळेच्या नळ्या, तांब्याची जाळी आणि शिसं-कथलाचा डाख हीच रीत होती. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरांत असे रेडिएटर अजून भेटतात. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता जास्त चांगली वाहून नेतं हे खरं, पण ते तिपटीहून जड असतं. डाखाचा सांधा उष्णता वाहायला कमी पडतो आणि ताकदीलाही कमी, त्यामुळे नळ्या अरुंद ठेवाव्या लागतात. ॲल्युमिनियमची नळी रुंद करता येते आणि सांधा जवळजवळ मूळ धातूइतकाच चांगला असतो. या स्पर्धेत ॲल्युमिनियम जिंकलं ते सांध्यामुळे. मात्र दुरुस्तीला तांब्या-पितळेसारखा रेडिएटर नाही. टाकी डाख सोडवून उतरवता येते, तुंबलेल्या नळ्यांत पातळ सळई घालून गाळ काढता येतो आणि टाकी परत डाखता येते. फक्त हे काम मोकळ्या हवेत करा. शिशाची धूळ आणि वाफ शरीरात साठत जाते.

गाडीत बसवताना

नवा रेडिएटर जुन्याशेजारी ठेवून होजची तोंडं, खुंट्या आणि फॅनचे आधार जुळवून बघा. ऑटोमॅटिक गिअरच्या काही गाड्यांत गिअरचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतच असते, तिचे जोड विसरू नका. रेडिएटर खाली रबराच्या खुंट्यांवर टेकतो. हे रबर कडक झालं असेल तर तेही बदला, नाहीतर चेसीची सगळी थरथर हेडरवर जाते.

होज पाईप आतून मऊ झालेला, टोकाला फुगलेला किंवा तडकलेला असेल तर तो परत बसवू नका. खालच्या होजमध्ये कधी कधी तारेची स्प्रिंग असते. पंपाच्या ओढीने पाईप मिटू नये म्हणून ती असते, ती काढून टाकायची नाही. क्लिप टाकीच्या तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. प्लास्टिकच्या तोंडावर क्लिप जीव खाऊन आवळू नका.

मग हवेची वाट. फॅनभोवतीचा प्लास्टिकचा कोट आणि रेडिएटरच्या कडेचे फोमचे पट्टे हे अनेकांना फालतू वाटतात आणि ते गॅरेजमध्येच राहून जातात. हवा नेहमी सोपी वाट धरते. कडेला फट मिळाली तर ती जाळीतून न जाता फटीतून निघून जाते. कोट नसेल तर फॅन फक्त स्वतःच्या गोलापुरती हवा ओढतो आणि चारी कोपरे तसेच राहतात. विजेचा फॅन जोडल्यावर पुढच्या बाजूने जाळीसमोर कागद धरा. मागून ओढणाऱ्या फॅनने कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडाला तर तारा उलट्या जोडल्या गेल्या आहेत.

कूलंट भरताना

आतापर्यंत सोयीसाठी पाणी म्हटलं, पण गाडीत भरायचं ते कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचा, गोठणं आणि गंज रोखणारा द्रव. नळाचं पाणी नको. त्यातले क्षार गरम भिंतींवर पापुद्र्यासारखे बसतात आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला भोकं पाडतं. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी वापरा, किंवा आधीच मिसळलेलं तयार कूलंट घ्या. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं आणि साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. पण कूलंट जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही. निखळ ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं, आणि ते पाण्याइतकी उष्णताही वाहून नेत नाही. थंडी नसलेल्या ठिकाणीसुद्धा नुसतं पाणी चालत नाही, कारण गंज रोखणारी रसायनं कूलंटमध्येच असतात.

रंगावर विसंबू नका. हिरवं, गुलाबी, निळं हे कंपनीच्या मर्जीने ठरतं. वेगळ्या जातीची कूलंट एकमेकांत मिसळली तर त्यांच्यातली रसायनं एकमेकांना मारतात आणि कधी गाळही धरतो. जुन्या जातीचं कूलंट साधारण २ वर्षांत, नव्या सेंद्रिय आम्लांच्या जातीचं ५ वर्षांपर्यंत चालतं. नेमकी मुदत पुस्तिकेत बघा. आणखी एक: ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. सांडलेलं कूलंट कुत्री-मांजरं चाटतात. जमिनीवर पडलेला थेंबही पुसून घ्या, जुनं कूलंट गटारात ओतू नका, आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका.

भरण्याची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड. हीटरची कळ सगळ्यात गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. कूलंट बारीक धारेने ओता, घाई केली की हवा आत कोंडते. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय धार आली की तो आवळा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, पातळी खाली जाईल तसं भरत राहा, होज हलके दाबत राहा. वरचा होज एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पाणी वर चढायला लागायच्या आत झाकण लावा. झाकण रेडिएटरऐवजी एक्स्पान्शन टाकीवर असेल किंवा पुस्तिकेत वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. गाडीचं नाक चढावर असलं तर हवा लवकर निघते. इंजिन निवल्यावर दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असतेच. डॅशबोर्डच्या मागून पाणी वाहिल्यासारखा खळखळाट येत असेल तर हवा अजून आत आहे.

महिन्याकाठी एक नजर

थंड इंजिनावर बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मधे आहे का बघा. पुन्हा पुन्हा भरावं लागत असेल तर पाणी कुठेतरी जातंय, ती जागा शोधल्याशिवाय भरत राहू नका. टाकी आणि हेडर यांच्या सांध्याशी पांढरा किंवा रंगीत सुकलेला ओघळ दिसला तर तीच गळती.

एसी असलेल्या गाडीत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) असतो आणि दोघांच्या मधल्या अरुंद फटीत धूळ, किडे, पाला यांचा नमदा बसतो. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. टॉर्चचा उजेड टाकून वरून फटीत डोकवा. धुताना साध्या नळीने, कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने पुढे असं धुवा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाते. शिकत असताना मी प्रेशर वॉशरने एका चांगल्या रेडिएटरची जाळी तिरका फवारा मारून झोपवली. दोन हातांएवढी जागा चकचकीत सपाट झाली. जाळी उभी करायच्या बारीक फणीने अर्धा दिवस घालवला, तरी ती पहिल्यासारखी झाली नाही. त्या दिवसापासून माझ्या हाताखालच्या कुणालाही रेडिएटरपाशी प्रेशर वॉशर नेऊ देत नाही.

गाडी तापते तेव्हा

तापमानाचा काटा वर चढायला लागला की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण जोरात लावा. आत उकडेल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागी थांबा. पाणी सांडत असेल, वाफ येत असेल किंवा काटा लालमध्ये असेल तर इंजिन लगेच बंद करा. निदान अर्धा तास झाकणाला हात नको. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकते, म्हणून निवल्यावरच भरा.

मग कारण शोधा, आणि त्यासाठी गाडी नेमकी कधी तापते हे विचारा. उभी असताना किंवा गर्दीत तापते आणि वेगात गेल्यावर निवते, तर फॅनकडे बघा: मोटर, फ्यूज, रिले, सेन्सर, बेल्ट. उलट, गर्दीत बरी चालते आणि वेगात किंवा घाटात तापते, तर फॅनचा दोष बहुधा नाही. तिथे रेडिएटर आतून तुंबलाय, बाहेरून भरलाय किंवा पाणी पुरेसं फिरत नाही. वरचा होज चटका देणारा आणि खालचा थंडगार असेल तर वाट कुठेतरी बंद आहे. आतून तुंबलेल्या नळ्या शोधायला इन्फ्रारेड थर्मामीटर कामाचा. इंजिन गरम असताना कोअरवर तो ओळीने फिरवा, तुंबलेल्या नळ्यांच्या जागी थंड पट्टा सापडतो. हे करताना फॅनपासून बोटं लांब ठेवा, विजेचा फॅन कधीही फिरायला लागतो.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच होज कडक झाला, पाण्यात सतत बुडबुडे आले, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर किंवा तेलात दुधासारखा साका दिसला, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं असं धरून चला. रेडिएटर बदलून ते बरं होत नाही. गिअरच्या तेलाची नळी टाकीत असलेल्या गाडीत कूलंट गुलाबी-दुधाळ झालं तर ती आतली नळी फुटली आहे. गाडी आणखी चालवू नका, पाणी गिअरबॉक्समध्ये गेलेलं असतं.

दुरुस्ती की नवा

गळती थांबवणारी पूड किंवा द्रव मी वापरत नाही. भोक आणि नळी यांच्यातला फरक त्याला कळत नाही. ते भोकात गोठतं तसं हीटरच्या बारीक नळ्यांतही गोठतं. आडवाटेला अडकलात आणि दुसरा इलाजच नसला तर गोष्ट वेगळी, पण घरी पोचल्यावर सगळं धुऊन काढा.

ॲल्युमिनियमच्या कोअरला दगड लागून एखादं भोक पडलं तर टिग वेल्डने किंवा चांगल्या इपॉक्सीने भरता येतं. टाकी तडकली असेल आणि कोअर धड असेल तर दाते उलगडून टाकी आणि सील बदलता येतं. प्रत्येक दाता थोडाच उघडा, कारण दोनदा वाकलेला दाता तिसऱ्यांदा तुटतो. जाळी बोटाने चुरगळत असेल, नळ्या बऱ्याच ठिकाणी पाझरत असतील किंवा आत गाळ घट्ट बसला असेल तर नवाच घ्या. आणि वर्षभरात दुसऱ्यांदा भोकं पडली तर रेडिएटरला दोष देण्याआधी मल्टीमीटर काढा. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरं कूलंटमध्ये, धातूला न लावता. इंजिन, दिवे, फॅन चालू करून काटा दशांश व्होल्टच्या पुढे सरकत असेल तर कुठलीतरी अर्थिंग खराब आहे आणि वीज कूलंटमधून वाट काढत ॲल्युमिनियम खात आहे.

दुरुस्त केलेला रेडिएटर गाडीत बसवण्याआधी त्याची तोंडं बंद करा, एका तोंडातून सायकलच्या पंपाने झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरा, टबात बुडवा आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबा. जाळीत अडकलेली हवा पहिली दोन-तीन मिनिटं बुडबुडे देते, ती हाताने हलवून काढून टाका. त्यानंतरही एकाच जागेतून ओळीने बुडबुडे येत राहिले तर तिथे खडूने खूण करा, रेडिएटर बाहेर काढा आणि तो सांधा पुन्हा करायला घ्या.